खाऱ्या पाण्यातलं गोडं भांडण

लग्नाला सात वर्षं झालेलं, दोघंही कमावणारं जोडपं कशावरून भांडतं? गाडी कुठली घ्यायची, एसी कितीवर ठेवायचा, दिवाळीला कोणाच्या घरी जायचं... बरोबर? माझा मावसभाऊ आणि वहिनी भांडत होते ते एका पंपावरून. तेही स्पेनच्या एका बेटावर, बंदरात बांधलेल्या बोटीत, रात्री साडेअकरा वाजता. आणि मी पुढच्या केबिनमध्ये पांघरुणात डोकं खुपसून झोपल्याचं नाटक करत होते. ३८ फुटांच्या बोटीत प्रायव्हसी नावाची भानगड नसते, मंडळी!

‘‘तासाला साठ लिटर! अगं, रोज अंघोळ करता येईल,’’ दादा.

‘‘अंघोळीचं कोण बोलतंय? मी पिण्याचं बोलतेय,’’ वहिनी.

‘‘एकदा मशीन बसवलं की पाण्याचं टेन्शन संपलं.’’

‘‘मशीन म्हणजे पाणी नव्हे. टाकीत आहे ते पाणी.’’

मग दिवा बंद झाला. वहिनीचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात तसंच राहिलं. त्याचा अर्थ कळायला मला चार दिवस लागले.

ईएमआयऐवजी शीड

आधी थोडा फ्लॅशबॅक. दादा आयटीतला, वहिनी सप्लाय चेनमधली. सहा वर्षं नेदरलँड्समध्ये. तिथल्या आयसेलमेरच्या पाण्यात वीकेंडला शिडाची बोट चालवायला शिकले आणि ते खूळ डोक्यातून गेलंच नाही. बाकीचे मित्र घराचे हप्ते भरत होते तेव्हा यांनी साठवलेले पैसे एका सेकंडहँड बोटीत घातले. दीड वर्षाची बिनपगारी रजा काढली. बिस्केचा उपसागर, मग पोर्तुगालचा किनारा असं करत करत कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासला येऊन थांबले. पुढचा टप्पा अटलांटिक महासागर. ओलांडायचाय. दोघांनीच!

मावशीने मला सांगून ठेवलं होतं, ‘‘तू जातेच आहेस तर त्यांना समजाव.’’ मी माद्रिदहून तीन तासांचं विमान पकडलं ते या गुप्त मोहिमेवर. दहा दिवस राहिले. समजावलं कोणी कोणाला, ते पुढे कळेलच.

ग्रान कनारिया हे बेट कागदोपत्री स्पेनचं, पण नकाशात बघाल तर आफ्रिकेला चिकटलेलं. लास पाल्मास ही त्याची राजधानी. शहराच्या एका अंगाला लास कान्तेरासचा तीनेक किलोमीटरचा सोनेरी किनारा, तर दुसऱ्या अंगाला हजाराहून जास्त बोटी मावतील एवढी मरिना. नोव्हेंबरात ही मरिना दादरच्या फुलबाजारासारखी फुललेली असते. कारण १९८६ पासून दरवर्षी इथून ‘एआरसी’ नावाची रॅली निघते. कितीतरी शिडाच्या बोटी एकाच दिवशी निघतात आणि पार पलीकडे कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला पोचतात. अंतर साधारण २,७०० सागरी मैल, म्हणजे ५,००० किलोमीटर. मुंबई-दिल्ली साडेतीन वेळा, तेही सायकलच्या वेगाने!

याच मोसमात का? तर वाऱ्यामुळे. इथून पश्चिमेला ढकलणारे व्यापारी वारे या दिवसांत नीट लागतात. जुन्या खलाशांचा फंडा सोपा आहे: लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग उजवीकडे वळा.

दादा-वहिनी रॅलीत नव्हते, फी परवडत नव्हती म्हणून. पण निघायचं त्याच सुमाराला. हातात तीन आठवडे, आणि निर्णय बाकी एकच. वॉटरमेकर कुठला घ्यायचा? की घ्यायचाच नाही?

गणित पहिलं: लागतं किती?

वॉटरमेकर म्हणजे समुद्राचं पाणी पिण्यालायक करणारं यंत्र. आता तुम्ही म्हणाल, न घेऊन कसं चालेल? मलाही तसंच वाटलं होतं. वहिनीने मला समोर बसवलं, डायरी काढली आणि गणित मांडलं.

बोटीचा वेग सरासरी ५ नॉट. दिवसाला १२० मैल. २,७०० भागिले १२०, म्हणजे २२-२३ दिवस. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी चार लिटर. दोघांचे आठ. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी फक्त गोड्या पाण्यात बुचकळायची. अंघोळ खाऱ्या पाण्याने, वरून एक तांब्या गोडं. सगळं धरून दिवसाला दहा लिटर. तेवीस दिवसांचे २३० लिटर. बोटीची टाकी ३०० लिटरची.

‘‘म्हणजे मशीनशिवाय पोचता येतं?’’ मी.

‘‘येतंच. माणसं शेकडो वर्षं पोचतच होती की.’’

दादाचा मुद्दाही चुकीचा नव्हता. तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो वजन. शिवाय पलीकडे पोचल्यावर काय? कॅरिबियनमधल्या कितीतरी बेटांवर गोड्या पाण्याची बोंब आहे. बोटवाल्यांना पाणी लिटरवर मोजून विकत घ्यावं लागतं. पुढे पनामातून पॅसिफिकमध्ये जायचं तर आठवडेच्या आठवडे नळच दिसणार नाही. ‘‘दर चार दिवसांनी पाण्यासाठी बंदर शोधत फिरायचं, तर मग बोट कशाला घेतली?’’ हा त्याचा सवाल.

कैरी, मीठ आणि साठ बार

हे यंत्र करतं काय? आपल्या किचनमधल्या आरओचाच हा थोरला भाऊ. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना? कारण पाण्याची ओढ मिठाकडे. पातळ पडदा मध्ये असला तरी पाणी खारट बाजूला जातं. आरओमध्ये हीच गोष्ट जबरदस्तीने उलटी करायची. खारट बाजूने एवढा दाब द्यायचा की पाणी पडद्यातून गोड बाजूला यावं आणि मीठ मागेच राहावं.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ. म्हणून दाब लागतो ५५ ते ६० बार. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या पंचवीस पट! एवढं करून दहा लिटर पाणी आत घेतलं तर हातात येतं साधारण एक लिटर. बाकीचं नऊ लिटर आणखी खारट होऊन समुद्रात परत.

समुद्राचं पाणी गाळण्याइतका कामाचा पडदा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिसमधल्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास तयार झाला. तो करणाऱ्या जोडगोळीत सिडनी लोएब यांच्याबरोबर आपले श्रीनिवास सौरिराजन होते. किचनमधल्या आरओची बटणं दाबताना हे आपल्याला कोणी सांगत नाही.

पॉन्टूनवरचे सल्लागार

मरिनात सल्ला फुकट मिळतो. पाणी नाही. प्रत्येक बोटीवर एक तज्ज्ञ, आणि प्रत्येकाचं मशीन जगात बेस्ट!

शेजारच्या बोटीवर एक फ्रेंच कुटुंब होतं. तीन पोरं, एक मांजर आणि चक्क वॉशिंग मशीन. त्यांच्याकडे जनरेटरवर चालणारा मोठा वॉटरमेकर. तासाला साठ-सत्तर लिटर, पण वीज खातो १५०० वॉट. म्हणजे दीड इस्त्री सतत चालू. फायदा असा, की पंप साधा, गाड्या धुणाऱ्या प्रेशर पंपाच्या जातकुळीतला. मेम्ब्रेन प्रमाणित मापाची, अडीच इंच बाय चाळीस इंच. जगाच्या पाठीवर कुठेही मिळते. तोटा असा, की आधी जनरेटर पाहिजे. मग त्याचं इंधन, त्याचं ऑइल, त्याचा आवाज. दादाचा जीव अडकला होता तो यातच.

पलीकडच्या बोटीवरचे जर्मन आजी-आजोबा १२ व्होल्टवाले. यांचं मशीन तासाला तीस लिटर देतं. त्यात एक हुशारी असते. ते जे नऊ लिटर खारट पाणी परत जातं ना, त्यात दाब शिल्लक असतो. तो फुकट न घालवता त्याच दाबाने आत येणाऱ्या पाण्याला ढकलायचं. त्यामुळे एका लिटरला वीज लागते साधारण चार वॉट-तास. जनरेटर नको, सोलर पॅनलवर भागतं. मात्र दाब परत वापरणारा तो भाग खास कंपनीचाच. बिघडला तर रस्त्यावरच्या मेकॅनिकचं काम नाही. किंमत? दुकानदाराने सांगितलेला आकडा पाच हजार युरोंच्या आसपास. म्हणजे मुंबईत एक बऱ्यापैकी सेकंडहँड कार!

तिसरा प्रकार इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरवणारा. इंजिन तसंही चालवायचंच असेल तर उत्तम, पण शिडाच्या बोटीने पाण्यासाठी रोज इंजिन चालवायचं म्हणजे सायकल घेऊन रिक्षाने फिरणं. चौथा सुटकेससारखा उचलून न्यायचा. भिंतीत भोकं पाडायला नकोत, बोट विकली तरी मशीन आपलंच. आणि पाचवा चक्क हातपंप. लहानातला लहान एक-सव्वा किलोचा, दांडा मारत बसलात तर तासाला एक लिटरच्याही आत पाणी. तो लाइफराफ्टच्या पिशवीत टाकायचा आणि वापरायची वेळ येऊ नये म्हणून देवाला नमस्कार करायचा.

आजोबांनी मात्र एक गोष्ट अशी सांगितली की दादाने डायरीत लाल पेनाने लिहिली. ‘‘मशीन विकत घेणं सोपं. त्याला आवडेल तसं वागणं अवघड.’’ मेम्ब्रेनला क्लोरिन चालत नाही. म्हणजे बंदरातल्या नळाच्या पाण्याने धुवायची तर आधी कार्बन फिल्टर हवा. तेल-डिझेलचा थेंबही चालत नाही, म्हणून बंदरात मशीन लावायचंच नाही. आणि आठवडाभर नुसतं पडून राहिलेलं अजिबात चालत नाही, आत जिवाणू वाढतात. रोज थोडं चालवा, नाहीतर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर औषध भरून झोपवा.

‘‘थोडक्यात, सासूबाई,’’ दादा म्हणाला. वहिनी हसली नाही.

नदी नसलेलं बेट

चौथ्या दिवशी दादाला इंजिनचं काम होतं. मी आणि वहिनी बस पकडून जुन्या शहरात गेलो. वेगेता म्हणतात त्या भागाला. दगडी गल्ल्या, लाकडी गॅलऱ्या, कोलंबसच्या नावाचं एक म्युझियम. १४९२ च्या सफरीत तो या बेटांवर थांबला होता, पिंटा जहाजाच्या सुकाणूची दुरुस्ती करायला. म्हणजे अटलांटिक ओलांडण्याआधी इथे थांबून रिपेअरिंग करायची परंपरा पाचशे वर्षं जुनी!

एका टपरीवजा हॉटेलात ‘पापास अरुगादास’ खाल्ले. सालासकट उकडलेले छोटे बटाटे, वर मिठाची पांढरी पुटं, सोबत लाल-हिरवी मोहो चटणी. पूर्वी हे बटाटे समुद्राच्याच पाण्यात उकडायचे म्हणे. गोडं पाणी बटाट्यांवर कोण घालवणार? आता नळाच्या पाण्यात मूठ-मूठ मीठ घालतात. आणि गंमत म्हणजे लास पाल्मासच्या नळाला येतं ते पाणीही मुख्यतः समुद्राचंच, गोडं केलेलं! तरी प्यायला लोक सुपरमार्केटमधून पाच-आठ लिटरचे बुधले उचलून नेताना दिसतात.

या बेटांची सगळी गोष्ट पाण्याचीच आहे. वर्षभर वाहणाऱ्या नद्या इथे जवळजवळ नाहीत. शेजारच्या लांझारोतेवर तर पाऊस इतका कमी, की शेतकरी काळ्या ज्वालामुखी राखेत खड्डे खणून एकेका खड्ड्यात द्राक्षाचा एकेक वेल लावतात. राख दव धरून ठेवते. घरोघरी पावसाचं पाणी साठवायचे हौद होते. कमी पडलं की जहाजाने पाणी यायचं. १९६४ मध्ये तिथे समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना सुरू झाला, स्पेनमधला पहिला. एल येरो नावाच्या बेटावर एक पवित्र झाड होतं, गारोए. व्यापारी वाऱ्याबरोबर आलेलं धुकं त्याच्या पानांवर अडायचं, थेंब थेंब खाली कुंडात पडायचं आणि गाव ते प्यायचं. १६१० च्या वादळात ते झाड पडलं.

याच लास पाल्मासहून १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये आलाँ बोंबार नावाचा फ्रेंच डॉक्टर रबरी होडीत बसून एकटाच निघाला. बरोबर पाण्याचा साठा न वापरता, माशांच्या अंगातला रस, पाऊस आणि थोडं थोडं समुद्राचं पाणी यांवर माणूस जगतो हे त्याला सिद्ध करायचं होतं. ६५ दिवसांनी तो बार्बाडोसला पोचला, पार सुकून. त्याच्या दाव्यावर नंतर खूप वाद झाले, आणि आजचे डॉक्टर समुद्राचं पाणी पिऊ नका असंच बजावतात. कारण ते मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला, प्यायलात त्याहून जास्त पाणी लागतं. १९८२ मध्ये एल येरोहून निघालेल्या स्टीव्हन कॅलाहान या अमेरिकन खलाशाची बोट आठवड्याभरात बुडाली. तो लाइफराफ्टमध्ये ७६ दिवस तरंगत राहिला आणि जगला, उन्हावर चालणाऱ्या फुग्यासारख्या ऊर्ध्वपातन यंत्रातून मिळणाऱ्या घोट-घोट पाण्यावर.

हे सगळं मी वहिनीला मोठ्या उत्साहाने सांगत होते. ती बटाट्यावरचं मीठ नखाने खरवडत होती. मग म्हणाली, ‘‘तुला लातूरचं ठाऊक आहे ना?’’

वहिनी लातूरची. २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाने जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने कृष्णेचं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या चॅनलवर ती गाडी दिसली.

‘‘मी नुकतीच पुण्यात नोकरीला लागले होते. सुट्टीला घरी गेले. आई दारातच म्हणाली, आलीस ते बरं झालं, पण अंघोळ पुण्याला जाऊन कर हं.’’ ती हसली, पण अर्धंच. ‘‘आमच्याकडे नळ होता गं. चांगला पितळी. मोटर होती, फिल्टर होता. सगळं होतं. अण्णांनी फिल्टर हप्त्यावर घेतलेला. पाणी नव्हतं. दादाला वाटतं मला मशीनची भीती वाटते. मला मशीनची भीती नाही वाटत. मशीन आहे म्हणून टाकीकडे कोणी बघत नाही, त्याची वाटते.’’

थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘ती फ्रेंच पोरं डेकवर पाणी उडवत खेळतात ना, मला राग येतो. मग रागाचीच लाज वाटते. त्यांचं पाणी, त्यांची वीज. माझं काय जातंय?’’

मावशीने दिलेली मोहीम मी तिथेच गुंडाळली. या बाईला काय समजावणार?

दोन झाकणं

आता माझा पराक्रम ऐका.

संध्याकाळी टाकी भरायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. पॉन्टूनवरून पाइप ओढला, डेकवरचं झाकण चावीने फिरवलं आणि पाइपचं तोंड आत घातलं. नळाच्या चावीला हात घालणार तेवढ्यात वहिनीची किंकाळी, ‘‘ए! थांब!!’’

मी पाइप डिझेलच्या टाकीत घातला होता.

दोन झाकणं. एकाच रंगाची, एकाच मापाची, हातभर अंतरावर. वरची अक्षरं झिजलेली. पाणी सोडलं नव्हतं म्हणून वाचले. दादा इंजिनच्या खोलीतून ग्रीसचे हात घेऊन वर आला, झाकणांकडे बघत राहिला आणि खाली बसला.

‘‘हेच उलटं झालं असतं तर? डिझेल पाण्याच्या टाकीत?’’ वहिनी शांतपणे म्हणाली. ‘‘तीनशे लिटर गेलं. आणि तुझं साठ लिटरवालं मशीन कुठे पाणी सोडणार? त्याच टाकीत!’’

दादा काही बोलला नाही. पण त्या रात्री भांडण झालं नाही. दोघं टेबलावर डायरी घेऊन बसले, आणि मला झोपल्याचं नाटक करावं लागलं नाही.

प्रश्नच बदलला होता. मोठं मशीन की छोटं, हा प्रश्न नव्हताच. एक गोष्ट बिघडली तर दुसरी शिल्लक राहते का, हा होता. दिवसाला दहा-वीस लिटर पाहिजे, तर साठ लिटरचं मशीन वीस मिनिटंच चालणार. त्यासाठी जनरेटर कशाला? तीस लिटरचं रोज पाऊण तास चालेल, सोलरवर चालेल, आणि रोज चालल्याने तब्येतीनेही बरं राहील. जनरेटरचे वाचलेले पैसे सुटे भाग आणि हातपंपात. आणि वहिनीच्या अटी दोन. एक, वीस लिटरचे पाच कॅन, नळाच्या पाण्याने भरून, बांधून, वेगवेगळ्या जागी. त्यांना हात लावायचा नाही. टाकी गेली, मशीन गेलं, तरी शंभर लिटरात दोन माणसं, माणशी अडीच लिटरने वीस दिवस काढतात. अगदी सुरुवातीला बिघडलं तर वाटेत केप व्हर्देची बेटं आहेतच. दोन, मशीनचं पाणी थेट टाकीत जाणार नाही. आधी बाटलीत, मग जिभेवर, मग टाकीत.

‘‘आणि टाकी रोज मोजायची. मशीन चालो न चालो,’’ वहिनी.

‘‘मोजू,’’ दादा म्हणाला. नवऱ्याने एवढ्या पटकन ‘मोजू’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जायच्या आधी त्याने पहिलं काम केलं. पाण्याच्या झाकणाला निळा रंग, डिझेलच्या झाकणाला लाल. खर्च, चार युरो.

पहिला घोट

मशीन स्टॉकमध्ये होतं म्हणून तीन दिवसांत बसलं. नवव्या दिवशी आम्ही चाचणीला बाहेर निघालो. बंदराच्या तेलकट पाण्यापासून चांगलं पाच मैल दूर. इस्लेताचे बोडके डोंगर मागे पडले, वारा लागला, मला व्यवस्थित मळमळायला लागलं.

दादाने स्विच दाबला. मोठा आवाज वगैरे काही नाही. शिलाई मशीनसारखी एका लयीतली टकटक. पहिली दहा-पंधरा मिनिटं येतं ते पाणी फेकून द्यायचं. मग छोट्याशा मीटरने त्यातले क्षार मोजायचे. पाचशेच्या खाली आले की पास. आकडा आला २८०.

बाटली वहिनीच्या हातात. तिने आधी वास घेतला. मग एक घोट तोंडात धरून ठेवला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो, दहावीचा रिझल्ट लागावा तसे.

‘‘टँकरपेक्षा बरंय,’’ ती म्हणाली.

मग तिने बाटलीतलं उरलेलं पाणी अजिबात न सांडता टाकीत ओतलं.

मी परतले. ते दोघं त्यानंतर दोन आठवड्यांनी निघाले. वाटेत दोनदा सॅटेलाइटवरून मेसेज आला, दोन्ही वेळा फक्त आकडे: मैल आणि लिटर. २४ व्या दिवशी तिसरा आला: ‘पोचलो. टाकीत १९० लिटर. कॅन पाचही सीलबंद. आईला सांग.’

मावशीला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, ‘‘पाणी मिळत होतं ना गं त्यांना?’’

आमच्या बिल्डिंगमध्ये चोवीस तास पाणी आहे. त्या रात्री झोपायच्या आधी मी बाथरूममधली बादली भरून ठेवली.

बोट घेणार असाल तर...

- आधी गणित, मग मशीन. माणशी रोज किती लिटर आणि बॅटरीत रोज किती वीज, हे दोन आकडे काढल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.
- १२ व्होल्टचं दाब परत वापरणारं मशीन लिटरमागे सुमारे चार वॉट-तास घेतं. तीस लिटरचं मशीन तासभर चाललं तर बॅटरीतून साधारण १० अँपिअर-तास जातात.
- मेम्ब्रेन प्रमाणित मापाची आहे का आणि सुटे भाग कुठे मिळतात, हे आधी विचारा. २० आणि ५ मायक्रॉनच्या फिल्टरचे जादा संच बरोबर ठेवा.
- मशीनवर छापलेले लिटर साधारण २५ अंश तापमानाच्या पाण्याचे असतात. थंड समुद्रात उत्पादन घटतं.
- क्लोरिन, तेल आणि आळस हे मेम्ब्रेनचे तीन शत्रू.

बोट घेणार नसाल तरी...

- लास पाल्मासला जायला शेंगेन व्हिसा लागतो. मुंबईहून माद्रिद किंवा युरोपातलं दुसरं शहर गाठून पुढचं विमान.
- नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जा. रॅली निघते तेव्हा अख्खं शहर धक्क्यावर टाटा करायला येतं.
- पापास अरुगादास खाल्ल्याशिवाय परतू नका. आणि वर एक ग्लास पाणी प्या. ते कुठून आलं, हे आता तुम्हाला ठाऊक आहे!